शिक्षणतंत्रज्ञाचा पेशा : मिळकत आणि भवितव्य

लग्नाच्या बोलण्यांत मुलगा काय करतो, मुलगी काय करते, असा प्रश्न निघाला आणि उत्तर डॉक्टर, वकील, इंजिनिअर किंवा प्राध्यापक असें आलें, तर पुढें कोणी कांहीं विचारीत नाहीं. या शब्दांमागें काम कोणतें, त्यास मिळतें काय आणि पन्नाशीच्या वयांत तो मनुष्य कोठें असेल, याचा अंदाज घरांतील आजोबांपासून आत्याबाईंपर्यंत सर्वांस असतो. परंतु उत्तर ‘इन्स्ट्रक्शनल डिझायनर’ किंवा ‘लर्निंग टेक्नॉलॉजिस्ट’ असें आलें म्हणजे बैठकींत क्षणभर शांतता पसरते. हा शिक्षक आहे कीं संगणकवाला? नोकरी कायमची कीं कराराची? आणि एवढें शिकून पगार किती? गेल्या पंधरावीस वर्षांत पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतील पुष्कळ मुलेंमुली या धंद्यांत शिरलीं आहेत. परंतु त्यांच्या वडील माणसांस त्याची नीटशी ओळख झालेली नाहीं. ती करून देण्यासाठीं हा लेखनप्रपंच. सोयीसाठीं या मंडळींस आपण शिक्षणतंत्रज्ञ म्हणूं.

प्रथम काम काय तें पाहूं. घरांत नवी सून आली आहे आणि तिला पुरणपोळी शिकवावयाची आहे असें समजा. तिनें विचारलें, “पुरण किती आटवायचें?” तर सासूबाई म्हणतात, “अंदाजानें.” “कणीक किती सैल?” “हाताला कळतें.” सासूबाई कांहीं लपवीत नाहींत. चाळीस वर्षांच्या सरावानें जें हातांत बसलें, तें जिभेवर येत नाहीं इतकेंच. आतां हीच विद्या एका सुनेस नव्हे, तर दहा गांवांतील दोन हजार सुनांस, सासूबाई जवळ नसतांना, पंधरा दिवसांत शिकवावयाची झाली तर? कोणींतरी सासूबाईंच्या शेजारीं बसलें पाहिजे. त्यांचा ‘अंदाज’ नेमका कोठें कोठें लागतो हें टिपलें पाहिजे. पुरणांत उभा केलेला चमचा न कलंडतां राहिला म्हणजे पुरण झालें, अशी डोळ्यांस दिसणारी खूण शोधून काढली पाहिजे. मग त्या खुणांची पायरीपायरीनें मांडणी, कोठें चित्र, कोठें चलच्चित्र, कोठें नुसता सराव याचा निर्णय, आणि शेवटीं शिकणारीस पोळी खरोखर येते कीं ती केवळ मान डोलावते याची परीक्षा. हें सारें शिक्षणतंत्रज्ञाचें काम. पोळीच्या जागीं बँकेचा नवा नियम, औषधाच्या कारखान्यांतील स्वच्छतेची रीत, विमानाची देखभाल किंवा सातवीचें बीजगणित घातलें म्हणजे झालें. संगणक हें त्याचें हत्यार आहे. विषय मात्र दुसऱ्याचा असतो, शिकणारा तिसरा असतो, आणि पैसा देणारा बहुधा चौथाच असतो.

हा चौथा गृहस्थ कोण, यावरच या पेशांतील सारी मिळकत अवलंबून आहे असें आमचें मत आहे. वकिलाची फी वकिलाच्या कर्तबगारीवर वाढते. शिक्षणतंत्रज्ञाची मिळकत मात्र तो कोणाच्या पिशवीला बांधलेला आहे यावर ठरते. एकच कसब असलेलीं, एकाच वर्गांत शिकलेलीं दोन माणसें दहा वर्षांनीं पहावीं, तर एकाची मिळकत दुसऱ्याच्या तिप्पट असलेली आढळते, आणि यांत दोघांच्या बुद्धीचा संबंध थोडाच असतो.

या विद्येची पहिली पिशवी सरकारची. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेस लक्षावधि रंगरूट थोड्या आठवड्यांत तयार करावयाचे होते, तेव्हां शिक्षणपटांचा मोठा कारखानाच तिकडे उघडला गेला आणि रॉबर्ट गॅन्ये यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ लष्कराच्या कामीं लागले. १९५४ सालीं हार्वर्डच्या बी. एफ्. स्किनर यांनीं आपलें शिक्षणयंत्र पुढें मांडलें. पृथक्करण, आराखडा, रचना, अंमलबजावणी व मूल्यमापन ही जी पंचपदी या धंद्यांतील प्रत्येक मुलास आज पाठ असते, ती १९७५ सालीं फ्लोरिडा स्टेट विद्यापीठांत अमेरिकन लष्करासाठींच बसविली गेली. त्याच वर्षीं, १ ऑगस्ट १९७५ रोजीं, आपल्याकडे ‘साइट’चा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांस एक वर्षभर दूरचित्रवाणीनें शिक्षण दिलें गेलें. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान मंडळाचे कार्यक्रम दूरदर्शनवर दिसूं लागले, पुण्यास विद्यापीठाचें शिक्षणपट-केंद्र व शालेय मुलांसाठीं बालचित्रवाणी अशा संस्था उभ्या राहिल्या, आणि या कसबाच्या माणसांस प्रथमच कायम पगाराच्या जागा मिळाल्या.

सरकारी जागा म्हणजे जन्माची ददात मिटली, अशी आपल्या पिढीजात समजूत. बालचित्रवाणीची हकीकत या समजुतीस धक्का देणारी आहे. केंद्राचें अनुदान थांबलें, तेथील नोकरांचे पगार रखडले, आणि अखेर २०१७ सालीं ती संस्थाच बंद करण्यांत आली. ज्यांनीं तीस तीस वर्षें मराठी मुलांसाठीं कार्यक्रम रचले, त्यांचें कसब वायां गेलें असें नव्हे. त्यांची पिशवी आटली. गंमत अशी कीं त्याच २०१७ सालीं केंद्रसरकारनें ‘स्वयम्’ व ‘दीक्षा’ या दोन नव्या पेढ्या उघडल्या. एका दारीं दिवा मालवला आणि दुसऱ्या दारीं लागला. परंतु या दारींचा मनुष्य त्या दारीं कायम पगारावर गेला असें सहसा घडत नाहीं. नवीं कामें बहुशः मुदतीचीं व करारावरचीं असतात.

सरकारी वर्तुळांत खरी स्थिर जागा अध्यापकाची. विद्यापीठांत हा विषय शिकविणाऱ्या साहाय्यक प्राध्यापकास सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीप्रमाणें मूळ वेतन दरमहा ५७,७०० रुपयांपासून सुरू होतें, वर महागाईभत्ता व घरभाडें. मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठांत या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि पवईच्या आय. आय. टी. मध्यें २०१० पासून डॉक्टरेटपर्यंतची सोय झालेली आहे. संशोधन करणाऱ्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानें प्रथम दरमहा ३७,००० व पुढें ४२,००० रुपये विद्यावेतन मिळूं शकतें. ज्याच्या घरीं चार-पांच वर्षें थांबण्याची ऐपत आहे आणि ज्याला अभ्यासाची गोडी आहे, त्यानें हा मार्ग अवश्य धरावा. मात्र अशा जागा देशभर मोजक्याच आहेत हें विसरूं नये.

दुसरी पिशवी परक्या गिऱ्हाइकाची. पुण्यामुंबईस व बंगळूरास पुष्कळ कंपन्या इंग्लंड-अमेरिकेंतील ग्राहकांसाठीं शिक्षणाचें साहित्य बनवून देतात. तेथें नवख्यास वर्षाकांठीं साधारणतः तीन ते पांच लाख रुपये पडतात. मोठ्या संगणक-कंपन्या नव्या इंजिनिअरांच्या घाऊक भरतींत जें देतात, त्याहून हें फारसें निराळें नाहीं. पांचसात वर्षांत आंकडा दुप्पट होतो, हुशार मनुष्याचा तिप्पटहि होतो, आणि मग गाडी अडते. ती अडण्याचें कारण साधें आहे. गिऱ्हाईक तासाच्या पाठाला ठराविक दर देतें. त्या दरांत लेखक, चित्रकार, आवाज देणारा, तपासनीस आणि कंपनीचा नफा हीं सर्व बसवावयाचीं. पाठ लिहिणारा कितीहि निपुण झाला तरी दर त्याच्यासाठीं वाढत नाहीं.

तिसरी पिशवी पालकांची, म्हणजे तुमची-आमची. २०२० च्या महामारींत शाळा बंद पडल्या आणि घरोघरीं मुलें पडद्यापुढें बसलीं, तेव्हां शिकवण्या विकणाऱ्या नव्या कंपन्यांनीं एकाएकीं मोठमोठे पगार देऊं केले. पुष्कळ तरुणांनीं जुन्या नोकऱ्या सोडून तिकडे धांव घेतली. त्यांतील सर्वांत मोठी बायजूज. २०२२ सालीं तिचें मोल २२ अब्ज डॉलर धरलें जाई, आणि जुलै २०२४ मध्यें तिच्यावर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. मधल्या दोन वर्षांत हजारों माणसांस घरीं बसावें लागलें. शाळा उघडल्या, मुलें वर्गांत परतलीं, आणि पालकांनीं पिशवीची दोरी आवळली. दुसरें कांहीं होणें शक्य नव्हतें.

राहतां राहिली मोठ्या कारखान्यांची, बँकांची व औषधकंपन्यांची स्वतःची पिशवी. या संस्था आपल्याच नोकरांस शिकविण्यासाठीं शिक्षणतंत्रज्ञ पदरीं बाळगतात. येथें मधला दलाल नाहीं. शिवाय शिकवणें चुकलें तर नुकसान कोणाचें, हें येथें उघड दिसतें. औषधाच्या कारखान्यांत कामगारानें एक पायरी गाळली तर मालाची सबंध खेप फेंकून द्यावी लागते; त्या खेपेच्या किंमतीपुढें शिकविणाऱ्याचा पगार म्हणजे कांहींच नव्हे. यामुळें या पेशांतील चांगली मिळकत आमच्या पाहण्यांत येथेंच आहे. शाळेसाठीं हेंच काम करणाऱ्यास ती मिळत नाहीं, याचें वाईट वाटतें खरें. पण तें आहे असें आहे.

आमच्या परिचयांतील एका बाईंची गोष्ट या ठिकाणीं सांगण्याजोगी आहे. त्या अनुदानित शाळेंत नऊ वर्षें रसायनशास्त्र शिकवीत होत्या. घरांत सासूसासरे, दीरजाऊ, दोन लहान मुलें. साहित्य बनविणाऱ्या एका कंपनीनें त्यांना शाळेच्या पगाराच्या दीडपट पगार देऊं केला, तोहि आठवड्यांतील तीन दिवस घरूनच काम करण्याच्या सवलतीसह. रात्रीच्या जेवणानंतर बोलणें निघालें. सासरे म्हणाले, “सूनबाई, शाळेची नोकरी लहान असली तरी ती कायमची. हे लोक उद्यां ‘या’ म्हणतील आणि परवां ‘जा’.” त्या म्हणाल्या, “मामंजी, तें मला ठाऊक आहे. पण नऊ वर्षें मी तेंच प्रकरण त्याच फळ्यावर शिकवितें आहें. आणि रसायनशास्त्र कांहीं कोणी माझ्याकडून काढून घेणार नाहीं.” दीरांनीं तडजोड सुचविली, कीं सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम आधीं बाजूस टाकावी आणि मग शाळा सोडावी. तसें झालें. दोन वर्षें उत्तम गेलीं. तिसऱ्या वर्षीं कंपनीचें मोठें गिऱ्हाईक तुटलें आणि चाळीस माणसांबरोबर बाईहि मोकळ्या झाल्या. साडेतीन महिने त्या घरीं होत्या. बाजूस टाकलेली रक्कम नेमकी तेव्हां उपयोगीं पडली. नंतर एका औषधकंपनीनें त्यांस घेतलें, तेंहि पूर्वीपेक्षां अधिक पगारावर. मुलाखतींत त्यांना संगणकाच्या हत्यारांविषयीं दोनच प्रश्न विचारले गेले, बाकीचा तासभर रसायनशास्त्रावर गेला. त्यांच्याबरोबर सुटलेले, ज्यांस केवळ हत्यार चालवितां येत होतें, त्यांतील कांहींजण वर्ष उलटलें तरी हंगामी कामांवरच होते.

सासरे चुकले असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांचें भाकीत अक्षरशः खरें ठरलें. पण सूनबाईंचाहि हिशेब खरा ठरला, आणि या पेशांत शिरणाऱ्या प्रत्येक मुलानें तो मांडून पहावा असें वाटतें. ज्याच्या पाठीशीं एखादा विषय आहे, मग तो हिशेबनीस असो, परिचारिका असो, गणिताचा पदवीधर असो, त्यास एक पिशवी मिटली तर दुसरीकडे जातां येतें. ज्यानें बारावीनंतर सहा महिन्यांचा हत्यारांचा वर्ग केला आणि दुसरें कांहीं केलें नाहीं, त्याचें मात्र कठीण आहे. कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांमुळें तर तें अधिकच कठीण झालें आहे. पूर्वीं नवख्या मुलास प्रथम काय काम देत? जाडजूड नियमपुस्तक घेऊन त्याचे पडदे बनविणें, प्रश्नोत्तरें काढणें, आवाज भरणें, भाषांतराचा कच्चा खर्डा करणें. हें सर्व आज यंत्र घटकाभरांत करून देतें, आणि तें फारसें वाईटहि नसतें. शिडीची खालची पायरीच निघाली आहे. वरच्या पायऱ्या शाबूत आहेत, पण तेथवर उडी मारावी लागते.

वरच्या पायरीवरचें काम यंत्रास कां जमत नाहीं, याचें उत्तर रॉबर्ट मेगर व पीटर पाइप यांनीं १९७० सालींच एका लहानशा पुस्तकांत देऊन ठेविलें आहे. नोकर चुकतो तो नेहमीं अज्ञानानें चुकतो असें नाहीं, हें त्यांचें मुख्य म्हणणें. कधीं नमुन्याचा कागदच असा छापलेला असतो कीं कोणीहि चुकेल. कधीं नीट काम करणाऱ्यावर वरिष्ठ आणखी काम लादतात, म्हणून तो मुद्दाम मंद चालतो. अशा ठिकाणीं शिकवण्याचा वर्ग भरविणें म्हणजे पोटदुखीला डोळ्यांत औषध घालणें होय. जो शिक्षणतंत्रज्ञ साहेबासमोर बसून “येथें शिकवण्याची गरज नाहीं, कागद बदला” असें सांगूं शकतो, त्याला त्या पेढीवर मान मिळतो आणि पुढें मोठी जागाहि मिळते. हें धैर्य मात्र कोणत्याच वर्गांत शिकवीत नाहींत.

मराठीचाहि येथें उपयोग आहे. पवईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमांत संगणक शिकविणारे लहान लहान पाठ मराठीसह अनेक देशी भाषांत तयार झाले आहेत. ज्यांस शास्त्रीय विषय शुद्ध, सोप्या, बोलक्या मराठींत मांडतां येतो अशीं माणसें मिळतां मिळत नाहींत, अशी तक्रार आम्ही वारंवार ऐकतों. पैसा यांत अद्यापि थोडा आहे, हेंहि सांगितलें पाहिजे.

आतां परदेशाकडे वळूं. कारण हीच विद्या शिकण्यास आपलीं मुलें अमेरिकेंत जातात, आणि तेथील सरकार प्रत्येक पेशाच्या मिळकतीचा दरसाल हिशेब छापतें. त्या हिशेबांत शाळा-कॉलेजांतील शिक्षणतंत्रज्ञ ‘अध्यापन-समन्वयक’ या सदरांत मोडतात. मे २०२३ मध्यें त्यांच्या वार्षिक मिळकतीचा मध्यांक सुमारें ७४,६०० डॉलर होता, म्हणजे निम्म्यांस याहून अधिक व निम्म्यांस याहून कमी. कंपन्यांत शिकविणाऱ्या तज्ज्ञांचा मध्यांक सुमारें ६४,३०० डॉलर, परंतु त्यांच्यावरील व्यवस्थापकांचा सुमारें १,२५,००० डॉलर. सर्व पेशांचा मिळून मध्यांक ४८,००० च्या आसपास होता, हें तुलनेसाठीं लक्षांत असूं द्यावें. डॉलरास रुपयांनीं गुणून पेढे वाटण्याची जी आपली खोड आहे ती मात्र येथें आवरावी. तेथील घरभाडें व आजारपणाचा विमाहि डॉलरांतच भरावा लागतो.

शाळांतील पगार वर दिसतात, परंतु आपल्या मुलांस त्या जागा सहसा मिळत नाहींत. तेथील शाळाखातें शिक्षणतंत्रज्ञास शिक्षकांच्याच वेतनपटावर घेतें आणि बहुतेक ठिकाणीं शिक्षकाचा परवाना व वर्गावरील अनुभव मागतें. शिवाय त्या जागांस ओहोटी लागली आहे. महामारीच्या मदतीचे सुमारें १९० अब्ज डॉलर अमेरिकन सरकारनें २०२० व २०२१ मध्यें शाळांना दिले. त्यांतून पुष्कळ नव्या जागा निघाल्या. ती रक्कम गुंतविण्याची शेवटची मुदत ३० सप्टेंबर २०२४ रोजीं संपली, आणि पुढच्याच वर्षीं केंद्रीय शिक्षणखात्यांतील शिक्षणतंत्राची कचेरीहि बंद करण्यांत आली. सरकारी अंदाजाप्रमाणें समन्वयकांच्या जागा दहा वर्षांत एक-दोन टक्क्यांनींच वाढावयाच्या आहेत. कंपन्यांतील तज्ज्ञांच्या मात्र दहा टक्क्यांहून अधिक. पुन्हां पिशवीचीच गोष्ट.

विद्यापीठें शाळांहून कमी पगार देतात. तरीहि परक्या विद्यार्थ्यानें त्यांच्याकडे दुर्लक्ष करूं नये. तेथें राहून काम करण्यास लागणाऱ्या एच्-१बी परवान्यांची संख्या दरसाल ८५,००० वर बांधलेली आहे व त्यासाठीं सोडत निघते. विद्यापीठांस हें बंधन नाहीं. मात्र सप्टेंबर २०२५ मध्यें देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार बसविण्याचा हुकूम निघाला, तेव्हां पदवी घेऊन परत येऊं व मग येथून अर्ज करूं असा बेत करणाऱ्यांनीं पुनः विचार करावा.

आणि प्रवेशाचें पत्र हातीं आलें म्हणजे फीचे पैसे भरण्यापूर्वीं एक गोष्ट अवश्य पहावी. पदवीनंतर तेथें एक वर्ष काम करण्याची मुभा प्रत्येक विद्यार्थ्यास मिळूं शकते. शास्त्रीय विषयांच्या यादींतील पदवी असेल तर तींत आणखी चोवीस महिन्यांची भर पडते. शिक्षणतंत्र हा विषय १३.०५०१ या क्रमांकाखालीं त्या यादींत आहे. परंतु कांहीं विद्यापीठें हाच अभ्यासक्रम ‘अभ्यासक्रम व अध्यापन’ या नांवाच्या १३.०३०१ या क्रमांकावर चालवितात, आणि तो क्रमांक यादींत नाहीं. नांव तेंच, प्राध्यापक तसेच, फीहि तेवढीच. पण एकास तीन वर्षें मिळतात आणि दुसऱ्यास एकच. हा क्रमांक परदेशी विद्यार्थ्याच्या आय-२० या कागदावर छापलेला असतो.